डब्यांवरची नावं

भुसावळात, रेल्वेच्या भंगारातून आणलेल्या लेथवर
रमजानमामू तडवी पेन घडवतात.
मी पॉलिशवाला.
आठशे नंबरच्या कागदापासून बारा हजारांपर्यंत,
पाण्यात बुडवून घासत राहायचं
लाकडात आपलं नाक दिसेपर्यंत.

फळीवर बिस्किटांचे जुने डबे,
त्यांवर मामूंचं तिरकं अक्षर:
म्हैस, शिंग, यावल.
आकाशातला दगड, गंजतो, तेल लावणे.
एबोनाईट, जुनं, विकायचं नाही.
आणि एकावर नुसतं
हत्तीचा आजोबा.

तो सुरतेच्या एका हिरेवाल्यानं पाठवला होता,
कापसात गुंडाळून, कागदपत्रांसकट.
हजारो वर्षं बर्फाखाली निजलेला सुळा
पार्सलच्या डब्यातून उतरला
तेव्हा फलाटावर सेहेचाळीस डिग्री होतं.
मामूंनी त्याला तीन आठवडे
माठाच्या तिवईखाली ठेवला.
"त्याले जरा भुसावळची सवय होऊ दे."

भाव ग्रॅमवर. शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणला.
हिरेवाल्याचा हुकूम होता,
भुसाही तोलून परत पाठवायचा.
लेथ फिरला की खोलीभर
दाताच्या दवाखान्याचा वास,
आणि मी पोस्टकार्डानं
ते पांढरं पीठ बरणीत भरायचो,
श्वास धरून,
शिंक आली तर पगारातून जाईल म्हणून.

त्याच आठवड्यात दगूबाई चौधरी आल्या,
वरणगावहून, एसटीनं,
मांडीवर गोणपाटात एक ढलपा.
अंजनाचा. घाण्याच्या उखळाचा.
तीळ, करडई, भुईमूग, पुन्हा तीळ,
चार पिढ्यांचे बैल त्याच्याभोवती फिरून गेले,
मग गिरणी आली, आणि उखळ परसात पालथं,
त्यावर कोंबड्या.
"नातीले वकिलीची सनद भेटली," त्या म्हणाल्या,
"तिनं याच्यानं सही करावं."
मामू काही बोलले नाहीत.
लाकूड हुंगत राहिले.

अंजन पाण्यात बुडतं, हे मला ठाऊक होतं.
तेल लपवतं, हे नव्हतं.
पितळी नळी चिकटवली, सकाळी सुटलेली.
ॲसिटोननं पुसलं, दुपारच्या उन्हात ठेवलं,
पत्र्यावर काळा ओला डाग.
दोन तुकडे फुटले.
तिसऱ्यानं पटाशीची धार खाल्ली.
मी म्हटलं, मामू, सागाचं करून देऊ, रंग चढवू,
तिला काय कळणार.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी चहा आणायला गेलो.

परत आलो तर 'विकायचं नाही'चा डबा उघडा होता.
एबोनाईटला बाहेरून आटे, लाकडाला आतून,
गोंदाचा थेंब नाही.
एकात दुसरं फिरत गेलं, हळू,
शेवटच्या अर्ध्या वेढ्याला मामूंनी डोळे मिटले.

हत्तीचा आजोबाही झाला.
सुंदर झाला, खोटं कशाला बोलू.
सायीसारखा, आत तपकिरी जाळी,
हातात घेताना मी आधी हात धुतले.
त्याचं बिल दोन पानांचं.

दगूबाईंना मामूंनी एबोनाईटचे सांगितले, निबचे सांगितले.
"आन् लाकडाचे?"
"लाकूड तुमचं."
"आन् या पोराच्या घासण्याचे?"
मामू म्हणाले, याले आजून घासता येत नाही.
त्यांनी तरी माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली,
उरलेला ढलपा तिथेच सोडला
आणि चारची गाडी गाठायला निघाल्या.
पेन त्यांनी पिशवीत टाकलं नाही,
मुठीत धरलं होतं, टोपण वर.

संध्याकाळी फळीवर नवा डबा:
घाणा, वरणगाव, विचारून.

रात्री झाडताना पाहिलं,
उंबऱ्याखालून मुंग्यांची रांग लागलेली.
पांढऱ्या पिठाची बरणी उघडीच राहिली होती,
तिच्या काठावरून चढून, आतून चालत, पलीकडे उतरून
त्या थेट अंजनाच्या काळ्या किसाकडे चालल्या होत्या.
झाडू तसाच उभा ठेवला.

सकाळी भुसा तोलला: नऊ ग्रॅम.
सुरतेला तसंच लिहून पाठवलं.
त्यात एखाद-दुसरी मुंगी असेल.